सॉफ्टवेअरचं बारसं आणि त्याचं अंगडं

"दादा, एसएमएस उघडत नाहीये." वाचनालयातून ग्रंथपाल बाईंचा फोन. पुस्तक परत करायची आठवण पाठवणारा भाग बंद पडला असणार, असं धरून मी अर्धा तास संदेशसेवेचं खातं तपासत बसलो. पैसे शिल्लक होते, संदेश जात होते. मग उलगडा झाला. बाई माझ्या सॉफ्टवेअरबद्दलच बोलत होत्या. त्याचं नाव मी ठेवलं होतं 'एलएमएस प्रो २.०'. एलएमएस म्हणजे 'लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टम'.

१.० कधी नव्हतंच. दोन म्हटलं की माल मुरलेला वाटतो, एवढाच हिशेब. ही लबाडी माझी एकट्याची नाही म्हणा. १९८०च्या दशकात संगणकावर माहिती साठवणाऱ्या जगभरच्या लोकांनी ज्याच्यावर हात बसवला, ते 'डीबेस टू' बाजारात आलं तेव्हा 'डीबेस वन' नावाचं काही विकायला नव्हतंच. वेन रॅटलिफने ते आधी 'व्हल्कन' नावाने लिहिलं होतं. विकणाऱ्यांनी नाव बदलताना थेट दुसऱ्या आकड्यापासून सुरुवात केली आणि ते धडाक्यात खपलं. माझं खपलं नाही. आमच्या तालुक्याच्या वाचनालयात बाई त्याला 'एसएमएस' म्हणायच्या आणि शिपाईमामा 'निळं'. पडदा निळा होता म्हणून.

गावच्या वाचनालयासाठी, डेअरीसाठी, पतसंस्थेसाठी तुम्ही कोणी असं छोटं सॉफ्टवेअर लिहीत असाल, तर त्याचं नाव, रूप आणि त्यावरचे शब्द कसे ठरवायचे ते सांगतो. कोड कसा लिहायचा ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं येत असेल. मी मार खाल्ला तो कोडच्या बाहेर.

आधी एक दिवस टेबलाशेजारी बसा

लॅपटॉप घरी ठेवा. वही-पेन घ्या आणि जिथे काम चालतं तिथे दिवसभर बसा. ऐकलेला प्रत्येक शब्द जसाच्या तसा उतरवा, शुद्ध करू नका. माझ्या पानावर संध्याकाळपर्यंत आलेले शब्द असे: दाखल नंबर (पुस्तकाचा नोंदवहीतला क्रमांक), वर्गणी, अनामत, देवघेव, 'पुस्तक नावावर टाका', 'जमा करून घ्या', 'तारीख वाढवून द्या', 'बाहेर आहे' (म्हणजे दुसऱ्या वाचकाकडे आहे), आणि दिवाळीनंतरचे दोन महिने सतत ऐकू येणारं 'दिवाळी अंकांची योजना'.

आता माझ्या बटणांवर काय होतं ते वाचा. 'निर्गमित करा.' 'पुनर्नवीकरण.' 'सदस्य प्रमाणीकरण अयशस्वी.' हे मराठी मी शब्दकोश उघडून केलं होतं आणि त्याचा मला अभिमानही होता. बाईंना ते तहसील कचेरीच्या नोटिशीसारखं वाटायचं. 'अयशस्वी' दिसलं की त्या हात आखडून घ्यायच्या, आपल्याकडून काही बिघडलं असं समजून. आता तिथे येतं, 'हा नंबर सापडला नाही. कार्ड पुन्हा बघा.' बाकीची बटणं म्हणजे 'नावावर टाका', 'जमा करा' आणि 'तारीख वाढवा'.

तुमचं सॉफ्टवेअर हुशार आहे की आडमुठं, हे माणूस या शब्दांवरून ठरवतो. आतली रचना त्याला कधीच दिसत नाही.

नाव

इथे वेळ घालवा, कारण ही गोष्ट नंतर बदलणं सर्वांत महाग पडतं. मोझिलाच्या मंडळींना विचारा. त्यांचा ब्राउझर २००२ मध्ये 'फिनिक्स' होता. त्या नावावर फिनिक्स टेक्नॉलॉजीज या कंपनीचा हक्क निघाला. मग 'फायरबर्ड' केलं, तर त्या नावाचा डेटाबेस प्रकल्प आधीपासून होता आणि ती माणसं चिडली. फेब्रुवारी २००४ मध्ये तिसऱ्यांदा बारसं करून 'फायरफॉक्स' ठेवलं. तरी नाव सुटलं नाहीच. त्यांच्या बोधचिन्हाच्या अटी मान्य नसल्याने 'डेबियन' ही मुक्त संगणकप्रणाली बनवणाऱ्यांनी २००६ पासून तोच ब्राउझर 'आइसवीझल' या नावाने दिला, तो थेट २०१६ पर्यंत. आतला माल तोच. पण फायरफॉक्स शोधणाऱ्या नवख्या माणसाला पडद्यावर आइसवीझल दिसलं की तो काय समजणार?

मी नावाला चार चाचण्या लावतो.

पहिली, विभक्तीची. ही इंग्रजी पुस्तकात सापडणार नाही. मराठी माणूस नाव नुसतं घेत नाही, त्याला प्रत्यय लावून घेतो. 'टॅलीत टाक', 'एक्सेलमध्ये काढ', 'गुगलवर बघ'. जिभेला अडत नाही. आता वाचनालयांसाठी एक उत्तम मुक्त (म्हणजे कोड कुणीही वाचावा, बदलावा असं) सॉफ्टवेअर आहे, 'कोहा'. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ भागातल्या वाचनालयांसाठी १९९९ मध्ये ते लिहायला घेतलं, कारण त्यांची जुनी प्रणाली २००० साल उजाडलं की दगा देणार होती. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट, परतफेडीची जाण ठेवून दिलेली. फुकट वाटलेल्या सॉफ्टवेअरला याहून नेमकं नाव मिळणं कठीण. पण मराठीत? एक जण 'कोहात' म्हणतो, दुसरा 'कोह्यात', तिसरा दोन्ही टाळून 'त्याच्यात' म्हणतो. तो कोहा, ती कोहा की ते कोहा, यावर एका कार्यशाळेत चहाच्या सुट्टीभर वाद ऐकलाय. नाव वाईट नाही, पण इथे ते पाहुणंच राहतं. तुमचं नाव 'मध्ये', 'ला', 'चं' लावून दहा वाक्यांत मोठ्याने म्हणून बघा. लिंग लगेच ठरलं नाही तर पुढचं नाव घ्या.

दुसरी, रोमन लिपीची. लोक मोबाइलवर मराठी रोमनमध्ये लिहितात, हे आवडो न आवडो. मला 'पानखूण' फार आवडलं होतं. पुस्तकात ठेवायची खूण, उच्चार गोड, 'पानखुणेत' अशी विभक्तीही देखणी. भाच्याला रोमनमध्ये लिहायला सांगितलं. त्याने लिहून दाखवलं आणि विचारलं, "मामा, हे 'पान खून' का?" ते गेलं. मग 'कपाट' ठरवलं. रोमनमध्ये वाचा, 'कपट' होतं. अनामत रक्कम सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचं नाव कपट! तेही गेलं.

तिसरी, दुसऱ्या भाषेतल्या अर्थाची. चित्रं संपादित करणारं 'गिम्प' हे १९९० च्या दशकात दोन विद्यार्थ्यांनी सुरू केलेलं, खरोखर दमदार सॉफ्टवेअर. नाव इंग्रजी आद्याक्षरांचं. आपल्याला त्यात काही खटकत नाही, पण इंग्रजीत तो लंगड्या माणसाला हिणवायचा शब्द आहे. शाळेत, कचेरीत ते बसवा म्हणताना तिकडे लोक अवघडतात. इतके, की २०१९ मध्ये काहींनी केवळ नावापायी वेगळी चूल मांडून 'ग्लिम्प्स' काढलं. २०२१ मध्ये ती विझली. आपल्याकडचं सौम्य उदाहरण 'तेज'. गुगलने भारतात पैसे पाठवायचं ॲप सप्टेंबर २०१७ मध्ये या नावाने आणलं. हिंदी माणसाला त्यात वेग दिसला. मराठी माणसाला तेज म्हटलं की चेहऱ्यावरचं तेज आठवतं, फार तर समईचं. वर्षभरात ते 'गुगल पे' झालं आणि प्रश्न मिटला. उलट 'फोनपे'च्या चिन्हात नीट बघा, देवनागरी 'पे' आहे. जांभळ्या वर्तुळातलं ते अक्षर भाजीवालीच्या गाडीवरही दुरून वाचता येतं. असं चिन्ह सुचणं हे नशीब.

चौथी चाचणी मी शिकलो ती 'देवघेव' या नावामुळे. पहिल्या तिन्ही चाचण्यांत ते पैकीच्या पैकी गुण मिळवून पास झालं. सगळ्यांच्या तोंडचा शब्द, मग आणखी काय हवं? आठवड्याभरात घोटाळा झाला. सॉफ्टवेअर अडकलं म्हणून मामांनी दारावरच्या फळ्यावर लिहिलं, 'देवघेव बंद आहे'. वाचक दारातून परत गेले. कामाचंच नाव सॉफ्टवेअरला दिलं की बिघाड कशात झालाय ते सांगता येत नाही. शिवाय १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यात वस्तूचं नुसतं वर्णन करणाऱ्या नावाला नोंदणी मिळणं अवघडच असतं. तेव्हा नाव कामाच्या शेजारचं असावं, कामाचंच नको. नाव ठरलं की व्यापारचिन्ह नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर शोधून बघा. शोध फुकट आहे. सॉफ्टवेअरसाठी वर्ग ९ आणि ४२ बघायचे.

शेवटी ठरलं 'फडताळ'. भिंतीतलं जुन्या घरातलं कपाट. 'फडताळात बघ', 'फडताळात टाक'. बाई म्हणाल्या, "आमच्या आजीकडे होतं, त्यात लोणच्याच्या बरण्या असायच्या." भाच्याला शब्द माहीत नव्हता, पण एकदा ऐकून लक्षात राहिला. रोमनमध्ये 'एफ'ने लिहितात की 'पीएच'ने, यावर एकमत होईना, म्हणून दोन्ही पत्ते घेऊन टाकले.

चिन्ह, रंग आणि एक घुबड

चिन्ह म्हणून मी घुबड काढलं होतं. गोल डोळे, पंखाखाली पुस्तक. इंग्रजी पुस्तकांच्या जगात घुबड शहाणं असतं ना, म्हणून. मामा डोकं खाजवत म्हणाले, "वाचनालयावर घुबड कशाला बसवलंय?" आपल्याकडे घुबड घरावर बसलं तर माणसं शांती करून घेतात. मला हे माहीत नव्हतं असं नाही. संगणकासमोर बसलो की आपलं गाव विसरायला होतं, ते असं.

आता चिन्हावर तारखेचा शिक्का आहे. लाकडी मुठीचा, पुस्तकाच्या शेवटच्या पानावरच्या चिठ्ठीवर उमटणारा. चिन्ह निवडताना ते नखाएवढं करून, हातभर लांबून, चष्मा काढून बघा. ओळखू आलं तर ठेवा. फ्लॉपीच्या चिन्हाची काळजी करू नका. पंचविशीतल्या मुलांनी फ्लॉपी पाहिलेली नाही, पण तो चौकोन म्हणजे 'जतन करा' हे त्यांना पाठ आहे.

रंगाबद्दल थोडक्यात. आपल्या गावांत भगवा, निळा, हिरवा हे नुसते रंग नाहीत. संचालक मंडळात सगळ्या बाजूंची माणसं असतात आणि पडदा बघून कोणीतरी "हे कुणाचं?" असं विचारतंच. मी जुन्या नोंदवहीच्या कापडी पुठ्ठ्याचा तांबूस रंग उचलला. त्याच्यावर कुणाचा हक्क नव्हता.

अध्यक्षांना मात्र पडदा उघडताच अशोकस्तंभ हवा होता. "सरकारी वाटलं पाहिजे, लोक घाबरून पुस्तकं वेळेत आणतील." नम्रपणे नाही म्हणा. २००५ चा राजचिन्हाच्या गैरवापराविरुद्धचा कायदा आहे, त्यात हे थेट बसतं. कायदा नसता तरी मी नाही म्हटलं असतं. माणूस एकदा खोट्या शिक्क्याला फसला की खऱ्यावरही विश्वास ठेवत नाही.

अक्षर

मराठी सॉफ्टवेअर परकं वाटतं ते बऱ्याचदा इथे. इंग्रजीवर बेतलेल्या साच्यात देवनागरी ओतली की चार गोष्टी हमखास बिघडतात, त्या तपासा.

अक्षरांमधलं अंतर वाढवू नका. इंग्रजी मथळा त्याने ऐटदार दिसतो. देवनागरीत शिरोरेखा तुटते आणि 'वाचनालय' पडक्या कौलांसारखं दिसतं. ओळीची उंची वाढवा, नाहीतर वरची वेलांटी, अनुस्वार आणि खालचे उकार कापले जातात. माझ्या पहिल्या पडद्यावर 'ग्रंथपाल'चा अनुस्वार बटणाच्या कडेने खाल्ला होता आणि बाई वर्षभर 'ग्रथपाल' होत्या. बोलल्या नाहीत, पण नंतर कळलं की त्यांना ते रोज टोचत होतं.

तिसरं, ल आणि श. मराठी वळणाचा पाकळीचा ल आणि देठाचा श हिंदी वळणाहून वेगळे. काही टंकांत (फॉन्टमध्ये) दोन्ही वळणं असतात, पण पान मराठी आहे हे सांगितल्याशिवाय मराठी वळण उमटत नाही. एचटीएमएलच्या 'लँग'मध्ये 'एमआर' लिहिलं की काम होतं. तयार साच्यात तिथे बऱ्याचदा इंग्रजीचं 'ईएन' असतं, ते तसंच सोडू नका. चौथं म्हणजे 'वाऱ्या'तला अर्धा र. तो 'वार्या' असा उमटला तर मराठी वाचकाला लगेच ठेच लागते. यादीत दहा पुस्तकांची नावं टाकून छापून बघा. मी मुंबईच्या 'एक टाइप'चा 'मुक्ता' हा टंक वापरतो. तो फुकट मिळतो आणि बारीक आकारातही वाचता येतो.

आकड्यांचंही तेच. अनुदानाचे २,४०,००० पडद्यावर २४०,००० असे आले तेव्हा खजिनदार बोट ठेवून पुन्हा पुन्हा मोजत होते. तारीख तर आणखी घातक. परतीची तारीख महिना आधी, दिवस नंतर अशी छापली गेली आणि ३ एप्रिलचा ४ मार्च झाला. एका आजोबांना न लागणारा दंड लागला. दोन रुपये होते, पण ते आजोबा त्यानंतर माझ्या सॉफ्टवेअरची पावती कधीच मान्य करत नाहीत, बाईंच्या हातची मागतात.

देखणेपण किती आणि कुठे

वरचं सगळं केल्यावर बाई म्हणाल्या, "आता पटकन उघडतं हो." मी वेगासाठी एक ओळही बदलली नव्हती. हा भास नवा नाही. १९९५ मध्ये जपानमध्ये हिताचीच्या डिझाइन केंद्रातल्या मासाकी कुरोसू आणि काओरी काशिमुरा यांनी एटीएमच्या पडद्याच्या २६ मांडण्या २५२ जणांना दाखवल्या. ज्या दिसायला छान, त्याच लोकांना वापरायला सोप्या वाटल्या. खऱ्या सोपेपणाशी त्यांचं मत तितकं जुळलं नाही. इस्रायलमध्ये नोआम ट्रॅक्टिन्स्की यांना वाटलं, आपल्याकडची माणसं दिसण्यावर जाणार नाहीत. त्यांनी प्रयोग पुन्हा केला, तर तिथे हा संबंध आणखी घट्ट निघाला.

पण देखणं म्हणजे मोकळं, असं समजू नका. मध्यंतरी मी फॅशनप्रमाणे पांढराशुभ्र पडदा केला होता. मधोमध एक शोधचौकट, बाकी काही नाही. संचालक मंडळाच्या बैठकीत दाखवला. पाच मिनिटं शांतता. मग एक जण म्हणाले, "बाकीचं कधी होणार?" त्यांना ते अर्धवट वाटलं. ज्या कामासाठी सोळा रकान्यांची नोंदवही लागते, ते एका चौकटीत मावेल कसं? मी नोंदवहीचे रकाने त्याच क्रमाने परत आणले, बारीक आडव्या रेघांसकट. बाईंची नजर आपोआप चौथ्या रकान्यावर जाते, तिथेच दाखल नंबर ठेवला. हे माझ्या डिझायनर मित्राला पटत नाही. तो पुण्यात असतो.

किंमत हेही रूपच. 'मोफत' म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "मग तुमचा फायदा काय?" इंग्रजीतल्या 'फ्री' शब्दाने मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांची कायम पंचाईत केली आहे. आपल्याकडे 'मुक्त' आणि 'मोफत' असे दोन शब्द आयते आहेत, तर ते वेगवेगळे वापरा. मी पत्रकात लिहितो: 'परवान्याचे पैसे नाहीत. बसवणे, शिकवणे आणि वर्षाची देखभाल यांचे आहेत.' खाली आकडा. तेव्हापासून तो प्रश्न कोणी विचारला नाही.

नाव बदलायची वेळ आलीच तर

जुनं नाव एका रात्रीत पुसू नका. ट्विटर जुलै २०२३ मध्ये 'एक्स' झालं, तरी माणसं अजून 'पूर्वीचं ट्विटर' असं शेपूट लावत बसतात. मी सहा महिने नव्या नावाखाली बारीक अक्षरात 'आधीचं एलएमएस' ठेवलं, चिन्हाची जागा हलवली नाही, आणि जुन्या नावाच्या पावत्या संपेपर्यंत वापरू दिल्या. रंग, चिन्ह आणि नाव तिन्ही एकाच दिवशी बदलू नका. आधी नाव, महिन्याने चिन्ह, मग रंग. बाईंच्या सांगण्यावरून हा क्रम ठरला: "नाव विचारता येतं, पण रंग बदलला की मी चुकीच्या ठिकाणी आले असं वाटतं."

आता पडदा तांबूस आहे, दारावरची पाटी 'फडताळ' सांगते, पावतीवरही तेच छापलेलं आहे. मामा मात्र अजून 'निळं'च म्हणतात. "दादा, निळं चालू करून देऊ का?" त्यामुळे संगणकाच्या शोधचौकटीत 'निळं' लिहिलं तरी फडताळ उघडेल, अशी सोय करून ठेवली आहे.